भाटकारांची आंघोळ

"अरे मेल्या, दार उघडू नको! सांगतंय तुका, उघडू नको!"

गोव्यात चोपड्याला भाड्यानं राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी हे ऐकलं. पाववाला पोदेर भोंगा वाजवत आला होता आणि मी पिशवी घेऊन जिना उतरत होतो. पोदेराचा हात फाटकाच्या कडीवर होता. तो थांबला, जिन्यात मीही थांबलो. खालच्या बाल्कांवात, म्हणजे आमच्याकडे ज्याला ओटी म्हणतात तिथं, आमचे घरमालक पुस्तक नाकाशी धरून उभे होते. लुंगी, वर बनियन, चेहरा लालबुंद.

"तुका न्हय रे," ते पोदेराला म्हणाले, "हेका सांगतंय." आणि त्यांनी पानावर बोट आपटलं. "भायर खुनी उभो असा, आनी ह्यो शाणो निघालो कडी काढूक!"

पोदेरानं मान डोलावली, नेहमीचे उंडे पाव काढून सोप्यावर, म्हणजे बाल्कांवातल्या दगडी बाकावर, ठेवले आणि भोंगा वाजवत निघून गेला. त्याला सवय असावी. मी मात्र वर जाऊन बायकोला म्हणालो, "घर चांगलंय, पण मालकाचं काही खरं नाही."

गावात त्यांना सगळे भाटकार म्हणत. भाट म्हणजे बागायत. कधीकाळी त्यांच्या आजोबांची नदीपर्यंत माडांची बाग होती. भाटकारांच्या वाट्याला अंगणातले जेमतेम चार माड आले होते आणि त्यातला एक नुसताच उंच होता. "भाट गेला, कार उरलो," असं ते स्वतःच म्हणत आणि हसत. पणजीला सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी म्हापशाला दिलेली. भाटकार जाऊन आता दोन पावसाळे झाले. खालचं बाल्कांव अजून मला मोकळं बघवत नाही.

भाटकार स्वतः रांधत. आमटीला, म्हणजे माशाच्या हुमणाला, आधण आलं की आच बारीक करायची आणि तेवढ्या वेळात दोन पानं वाचायची, असा त्यांचा बेत असे. पुस्तक बरं निघालं की हुमण करपायचं. वाड्यावरच्या बायकांना वासावरून कळे. "भाटकारांक बरां पुस्तक गावलां वाटतां," असं विहिरीवर बोलणं व्हायचं. मग आमची बायको वाटीभर आमटी खाली पाठवायची. पुस्तक कसं आहे असं विचारलं तर ते कधी कथानक, शैली वगैरे सांगत नसत. "दोन दिस धड जेवूक नाय," एवढंच सांगत. ती त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

मी माझं एक छोटं पुस्तक त्यांना मोठ्या उत्साहानं वाचायला दिलं होतं. 'वाचन आणि संस्कार' या विषयावरचे माझे लेख होते त्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुस्तक परत आलं, आणि बरोबर झाकण ठेवलेली वाटी.

"मास्तरानू, खावन बघा," भाटकार म्हणाले. "इतक्या बरां हुमण माज्या हातान आजून झाला नव्हतां."

मी खाऊन पाहिलं. खरोखर अप्रतिम झालं होतं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मूळचा सावंतवाडीकडचा, नोकरीला पेडण्यात, हायस्कुलात मराठी शिकवतो. आणि दुसरा धंदा म्हणजे भाषणं. 'किशोरवयीन मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी' हा माझा ठरलेला विषय. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत मला शाळांतून, वाचनालयांतून बोलावणी येत. शाल आणि नारळ मिळे. नारळ इतके साठत की बायको त्यांचं तेल काढून घेई. आमच्या घरात डोक्याला लागायचं ते माझ्या व्याख्यानांचं तेल.

आणि माझा मुलगा? नववीत होता. अभ्यासाच्या पुस्तकापलीकडे एक ओळ वाचत नव्हता. एक ओळ नाही! त्याला आणि त्याच्या मित्रांना मोप्याला विमानतळावर टॅक्सी घालायची होती, फुटबॉल खेळायचा होता आणि मोबाइलवर कुणाच्या तरी मोटारसायकली बघायच्या होत्या. मी सगळे उपाय केले. मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवला, तो त्यानं अर्ध्या तासात शोधला. रात्री जेवणानंतर घरात 'वाचन तास' ठेवला, त्यात बायकोला झोप लागली. थोरामोठ्यांची चरित्रं आणली. प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न लिहून दिले. हो, प्रश्न! सुट्टीत! आपलं डोकं कुठं होतं कोण जाणे.

भाषण ऐकून लोक विचारत, "सर, तुमचा मुलगा काय वाचतो?" मी म्हणायचो, "हल्ली विविध वाचतोय." आणि शाल-नारळ उचलून निघायचो.

पण खरं दुखणं भाषणाचं नव्हतंच. पोरगा माझ्याशी बोलेनासा झाला होता. मी खोलीत आलो की तो उठून गॅलरीत जायचा, मी गॅलरीत गेलो की न्हाणीत. माझं प्रत्येक वाक्य फिरून पुस्तकावर येणार हे त्याला पाठ झालं होतं. साधं "जेवलास का?" विचारलं तरी तो म्हणायचा, "वाचतो नंतर." लहानपणी माझ्या पोटावर पडून गोष्टी ऐकणारं पोर ते. मला भीती वाटू लागली होती की हा असाच एक दिवस मोठा होईल, टॅक्सी घालील, आणि आमच्यात बोलण्यासारखं काहीच उरणार नाही. ही भीती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

वाड्यावरची बाकीची पोरं मात्र रविवारी सकाळी भाटकारांच्या बाल्कांवात जमत. तिथं एक विलक्षण प्रकार चाले. भाटकार सोप्यावर बसून मोठ्यानं वाचत. सगळं नाही वाचायचे, नुसती संभाषणं, निरनिराळ्या आवाजांत. मध्येच पुस्तकातल्या माणसांना शिव्या घालत. पोरं कठड्यावर बसून नुसता तमाशा बघायला आल्यासारखी हसत. आणि बरोबर आणीबाणीच्या जागी, म्हणजे नायकाचा पाय घसरून तो कड्यावरून लोंबकळतोय अशा ठिकाणी, भाटकार पुस्तक सोप्यावर पालथं ठेवत. "माजां पाणी तापलां," म्हणत आणि न्हाणीघरात जात.

"भाटकारानू, फुडे काय?"

"फुडे माजी आंघूळ."

पुस्तक ते कुणालाही देत नसत. मागितलं तर साफ नाही म्हणत. पण ते सोप्यावर उघडंच पडलेलं असे आणि भाटकारांची आंघोळ भारी लांब चाले. पोरं आधी आत कानोसा घेत, मग एकजण पुस्तक उचले, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकी घालत. आतून पाण्याचा आवाज येतोय तोवर भीती नाही.

एकदा भाद्रपदात भाटकार सडकून तापानं आजारी पडले. म्हापशाहून मुलगी आली आणि त्यांना फाडफाड बोलायला लागली. तेव्हा मला उलगडा झाला. आंघोळ त्यांची केव्हाच आटोपायची. पोरांचं प्रकरण संपलेलं नसे, म्हणून हा माणूस ओला पंचा गुंडाळून आत पाटावर बसून राही आणि अधूनमधून तांब्यानं उगाच पाणी ओतत राही.

"आनी काय करू?" अंगावर गोधडी ओढत ते मला म्हणाले. "भायर इलंय तर पोरां पुस्तक टाकून पळतली. आनी तो गडी थंय कड्यार लोंबकळता!"

माझा मुलगा त्या पोरांत कधी नसे. तो वर गॅलरीत मोबाइल घेऊन बसायचा. मास्तराच्या घरातच पुस्तकाचं औषध रोज पाजलं जात असल्यामुळे त्याला खाली जाऊन आणखी डोस घ्यायची गरज वाटत नव्हती.

त्याला खाली ओढलं ते जत्रेच्या नाटकानं. इकडे देवळाच्या जत्रेला वाड्यावाड्यानं मराठी नाटक करायची रीत आहे. मोठ्यांचं नाटक पालखी झाल्यावर, आणि त्याच्या आधी संध्याकाळी पोरांचं. पोरांचं नाटक भाटकार बसवत. आणि ते जुन्या रीतीनं बसवत. नटाला नाटकाचं पुस्तक मिळत नसे. प्रत्येकाला मिळे त्याची नक्कल, म्हणजे कागदाच्या पट्ट्यांवर हातानं उतरवलेली त्याची स्वतःची भाषणं तेवढी, आणि प्रत्येक भाषणाच्या आधी दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट, कुठं तोंड उघडायचं ते कळायला. आपली नक्कल दुसऱ्याला दाखवायची नाही असा भाटकारांचा सक्त नियम होता.

पोरं कमी पडली म्हणून माझ्या मुलाला धाकट्या भावाचं काम दिलं होतं. तो नक्कल घेऊन घरी आला आणि जेवताना ती ताटाशेजारी ठेवून बसला. मग, मी कान टवकारले, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पपा, इथं बघा. वडील म्हणतात, 'म्हणून मी त्याला घराबाहेर काढलं.' आणि मी म्हणतो, 'मला ठाऊक होतं.' काय ठाऊक होतं मला?"

किती महिन्यांनी त्यानं मला काही विचारलं होतं!

"आणि ठाऊक होतं तर मी आधी का नाही बोललो?" तो पट्टी उलटसुलट करत म्हणाला. "दुसऱ्या पट्टीत मी रडतोय. पण का ते दिलेलंच नाही."

इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "कुणास ठाऊक बुवा. तुला काय वाटतं?" पण मी पडलो मराठीचा मास्तर. ती वाक्यं मी ओळखली. नाटक छापील होतं आणि शाळेच्या कपाटात त्याची प्रत होती. दुसऱ्या दिवशी मी ती घरी आणली. आणली ती आणली, वर पेन्सिलीनं महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या आणि पहिल्या पानावर कथानकाचा गोषवारा लिहिला: आईच्या पाटल्या चोरीला जातात, आळ थोरल्यावर येतो, वडील त्याला घराबाहेर काढतात, चोर नोकर असतो, धाकट्याला ते ठाऊक असतं पण तो घाबरतो. शेवटी बोध. बोधसुद्धा लिहिला हो मी!

मुलानं गोषवारा वाचला. पुस्तक मिटलं.

"म्हणजे नोकर," तो म्हणाला.

"हो! आता तुला भूमिका नीट समजेल."

"समजली." तो उठला. "मला नाही करायचं नाटक."

आणि त्यानं नकलेच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या, मोबाइल घेतला आणि गॅलरीत गेला. त्या रात्री बायको मला एवढंच म्हणाली, "तुम्हाला जरा गप्प बसता येत नाही का हो?"

सकाळी मान खाली घालून पट्ट्या परत करायला भाटकारांकडे गेलो. सगळं सांगितलं. भाटकार सहसा माझ्याशी 'तुमी'नं बोलत. त्या दिवशी 'तू'वर आले.

"मास्तरा, तू शिकलेलो मनीस. पोरगो भुकेलो झालो, आनी तू तेका जेवाण चावन दिलंस?"

मी म्हणालो, "चुकलं माझं. पण आता करायचं काय? तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

भाटकारांनी पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या. मग म्हणाले, "नोकर चोर न्हय."

"अहो, पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकात असांदे. हंय नाय." आणि मला घालवून दिलं.

तिसरा अंक त्यांनी नवा लिहिला. आतून दिवसभर त्यांचे आवाज ऐकू येत, स्वतःशीच भांडण चाललेलं. मग सगळ्या पोरांना नव्या पट्ट्या वाटल्या गेल्या. माझ्या मुलाची पट्टी एका पोराकरवी वर आली. त्यानं ती नुसती पाहायची म्हणून पाहिली, आणि पुन्हा पाहिली. 'पाटल्या मी घेतल्या' असं त्याचं वाक्य होतं, पण खरंच घेतल्या की भावासाठी खोटं बोलतोय ते दिलेलं नव्हतं. आणि मलाही पट्टी आली! मला काम दिलं होतं. नाटकात नसलेलं एक पात्र भाटकारांनी माझ्यासाठी खास घातलं होतं: घरातला मुका काका. चोरी डोळ्यांनी पाहिलेला एकटा माणूस. माझ्या पट्टीवर दुसऱ्यांच्या वाक्यांची शेपटं होती आणि प्रत्येकापुढे भाटकारांच्या अक्षरात लिहिलं होतं: गप्प.

"घरात तोंड उघडलंस तर काम काढून घेतलंय," अशी मला ताकीद होती.

मग आमच्या घरात मजा सुरू झाली. माझ्या शेपटांत मुलाच्या पट्टीत नसलेली वाक्यं होती. तो जेवताना वाकून बघे, मी पट्टी ताटाखाली सरकवी.

"पपा, एकच सांगा. तुम्ही मला बघितलं का काहीतरी करताना?"

मी वरण ओरपलं.

"म्हणजे बघितलं! म्हणजे खरंच मीच... पपा, सांगा ना!"

देवाशपथ सांगतो, गप्प राहण्यासारखं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही. जीभ नुसती सळसळायची. पण पोरगा माझ्यामागून स्वयंपाकघरात येत होता, गॅलरीत येत होता, न्हाणीच्या दाराशी उभा राहून तर्क लढवत होता. इतर पोरांना गाठून त्यांच्या पट्ट्या गोड बोलून वाचत होता. रात्री कागदावर कुणी कधी काय बोललं ते जुळवत बसायचा. बायको माझ्याकडे बघून पदरात हसायची.

जत्रेच्या संध्याकाळी मांडव भरला होता. मी दाढी लावून खाटेवर बसलो. तिसरा अंक आला. वडील थोरल्याला दोष देताहेत, आणि माझ्या मुलानं पुढं येऊन म्हणायचंय, "पाटल्या मी घेतल्या." तो पुढं आला. आणि अडकला. ओठ हलताहेत, शब्द नाही. विंगेतून भाटकार कुजबुजताहेत पण माईकच्या घरघरीत ते त्याला ऐकू येईना. त्याचा चेहरा पांढरा पडला.

आणि मी! वर्गात इतकी वर्षं काढलेला मी! पोर अडलं की मास्तराच्या तोंडून ओळ निघतेच. मी खाटेवरून खणखणीत आवाजात म्हणालो, "पाटल्या मी घेतल्या!"

मुका काका बोलला. बोलला तो बोलला, वर चोरी कबूल केली!

मांडवात आधी कुणाला काही कळलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मुको उलयलो!" आणि हशा उसळायच्या आतच माझा मुलगा वळला. माझ्याकडे बघितलं. क्षणभर त्याच्या डोळ्यांत मला हसू दिसलं. मग तो धावत आला, माझ्या पायांशी बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका! मला वाचवायला तुम्ही जन्मभराचं मौन मोडलंत? नाही बाबा, हे खोटं बोलताहेत! पाटल्या मी घेतल्या!"

हे कुणाच्याच नकलेत नव्हतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेनात. माझी दाढी सुटून लोंबत होती आणि मी खरोखरचा रडत होतो, ते मात्र सगळ्यांना अभिनय वाटलं. पडदा पडल्यावर भाटकार विंगेत पोट धरून बसले होते. नंतर गावभर सांगत फिरले की ती कल्पना त्यांचीच.

पुढच्या रविवारी मी वरून खिडकीतून बघितलं तर सोप्यावर पुस्तकावर वाकलेल्या डोक्यांत एक डोकं आमचं होतं. मी काहीही बोललो नाही. आत पाण्याचा आवाज चालूच होता.

त्याच वर्षी डिचोलीजवळ सर्वणला पालकांसमोर माझं भाषण ठरलं. भाटकार म्हणाले, "मी येतंय. मास्तर माइकार कसो दिसता तां बघूचा असा." भाटकार येताहेत म्हणून मुलगाही आला. गाडीत मागं बसून भाटकारांनी वाटभर एक जाडजूड कादंबरी वाचली, आवाज काढत, शिव्या देत. सर्वणला उतरताना नेमक्या जागी थांबले, पुस्तक सीटवर पालथं टाकलं आणि, "माका लघवीक जावचां असा," म्हणून जे गेले ते थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.

भाषण रंगलं. 'पालकहो, मुलांच्या हाती पुस्तक द्या' या माझ्या हुकमी वाक्याकडे मी येत होतो, आणि मला दिसलं की शेवटच्या रांगेत कुणीतरी पोरगा खाली मान घालून बसलाय. माझ्याकडे अजिबात लक्ष नाही. 'मागं काय चाललंय?' हे माझ्या जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता त्याच्या दिशेनं निघाला. "ए मुला, सर काय सांगताहेत तिकडे लक्ष दे!"

पोरानं मान वर केली नाही. तो माझा मुलगा होता आणि मांडीवर भाटकारांची कादंबरी होती.

कार्यकर्ता त्याच्या खांद्याला हात लावणार, तोच पहिल्या रांगेतून भाटकार उठले. छत्री उगारून त्या माणसाच्या अंगावर ओरडले, "हात लावशीत तर बघ!" सगळं सभागृह मागं वळून बघू लागलं. मग भाटकार माझ्याकडे वळले.

"मास्तरानू," ते म्हणाले, "तुमी पण गप रवा जरा. तेचां पान होवंदे."

मी गप्प राहिलो. हातात माईक, समोर भरलेलं सभागृह, टेबलावर शाल आणि नारळ, आणि मी गप्प. कोणी खोकलं नाही. शेवटच्या रांगेतल्या त्या पोराला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं पान उलटलं, दोन ओळी वाचल्या, आणि त्या शांततेत एकटाच खदखदून हसला.